माध्यमाच्या रकान्यात मम्मीने काय लिहिलं

गेल्या महिन्यात आपल्या मंडळात 'मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण' या विषयावर चर्चा झाली. मी बोलले. खरं सांगायचं तर जरा जास्तच बोलले. त्यात एक वाक्य असं होतं की आपल्या आयांनीच इंग्लिशच्या मोहापायी आपली भाषा शाळेच्या गेटबाहेर उभी केली. टाळ्या पडल्या. कोणीतरी व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि मी तो हौसेने घरी जाऊन मम्मीला दाखवला.

मम्मी युनिफॉर्म शिवत होती. मशीन थांबवून तिने सगळा व्हिडिओ पाहिला, ते वाक्यसुद्धा ऐकलं. मग म्हणाली, "उच्चार बरे आसत गो तुझे," आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला. बस्स, एवढंच. मी रात्रभर तळमळत होते.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते मला मागे घ्यायचंय, पण नुसतं 'सॉरी' म्हणून नाही. त्यात नेमकं काय चुकलं ते सांगून.

मम्मी सावंतवाडीकडची. घरात मालवणी, शाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा मराठीतून. लग्न होऊन म्हापशाजवळच्या आमच्या गावात आली तेव्हा घरात कोंकणी होती आणि प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत. संध्याकाळी तेर्स सुरू झाला की सगळे 'नमान मारिये' म्हणायचे आणि ही पहिले काही महिने ओठातल्या ओठात 'नमो मारिया' म्हणायची. पप्पा बोटीवर. वर्षातले नऊ महिने घरातले सगळे निर्णय मम्मीचे, शाळेचेही.

आता थोडी मागची गोष्ट, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती तुकड्यातुकड्यांत माहीत असते. 1990 साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना गोवा सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर माध्यम कोंकणी किंवा मराठी पाहिजे. चर्चच्या अनुदानित शाळा त्यानंतर कोंकणीकडे वळल्या. इंग्लिशला बंदी नव्हती, फक्त अनुदान नव्हतं. म्हणजे ज्यांना फी परवडत होती त्यांची मुलं तेव्हाही इंग्लिशमध्येच शिकत होती. भाषेचं धोरण पाळलं ते ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता त्यांनी. हा मुद्दा माझ्या भाषणात नव्हता. असायला हवा होता.

माझा भाऊ आठ वर्षांनी मोठा. तो पहिली ते चौथी कोंकणीतून शिकला आणि चांगला शिकला. पाढे पाठ, गोष्टी पाठ, वर्गात हात वर. 2006 साली पाचवीत गेला आणि जूनच्या पहिल्या सोमवारी सगळं इंग्लिश झालं. बेरीज-वजाबाकी त्याला येत होती, पण फळ्यावरचं गणित काय विचारतंय ते कळत नव्हतं. सायन्सची उत्तरं तो गाणं पाठ करावं तशी पाठ करायचा, आणि परीक्षेत प्रश्न जरा फिरवून आला की पेपर कोरा. पालकसभेत मम्मीला सांगण्यात आलं, "घरी इंग्लिश बोला." दहावी मराठीतून केलेल्या बाईला!

ती घरी आली आणि तिने इंग्लिश-मराठी डिक्शनरी विकत घेतली. रात्री शिवणकाम उरकलं की भावाच्या पुस्तकातल्या अडलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने बारीक मराठी अर्थ लिहून ठेवायची. ते सायन्सचं पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे. काही पानांवर छापलेल्या ओळींपेक्षा पेन्सिल जास्त दिसते. तरी सहावीत त्याचं एक वर्ष गेलंच. पुढे त्याने आयटीआय केलं, आता एसी दुरुस्त करतो, बरं चाललंय. पण वर्गात हात वर करणारा तो मुलगा चौथीनंतर कोणी पाहिला नाही, असं मम्मी म्हणते.

मी 2010 साली त्याच शाळेत पहिलीला गेले, कोंकणी माध्यमात. पुढच्याच वर्षी दिगंबर कामत सरकारने इंग्लिश प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि माध्यम निवडायचं पालकांवर आलं. केवढा गदारोळ झाला तेव्हा! मोर्चे, बंद, पेपरात रोज लेख. आमच्या घरात मात्र एक फॉर्म आला. मम्मीने माध्यमाच्या रकान्यात 'इंग्लिश' लिहिलं आणि खाली नेहमीसारखी देवनागरीत सही केली. भावाचं सायन्सचं पुस्तक ज्या बाईने रात्री जागून पेन्सिलीने भरलं, तिने दुसरं काय लिहायला हवं होतं? याला मी 'मोह' म्हटलं होतं.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या खटल्यात निकाल दिला. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवा असा सरकारचा आग्रह होता. न्यायालयाने म्हटलं की सरकार माध्यमाची सक्ती करू शकत नाही, आणि मुलाची मातृभाषा कोणती ते आईवडील ठरवतील. निकाल वाचल्यावर मला आमच्या घराचं हसू आलं. आमची मातृभाषा कोणती म्हणायची? मम्मीची मालवणी, तिच्या शाळेची मराठी, पप्पांची बार्देशी कोंकणी, शाळेतली देवनागरी कोंकणी, की प्रार्थनेच्या पुस्तकातली रोमी? 'मातृभाषेतून शिकवा' हे वाक्य म्हणायला सोपं आहे, कारण ते म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर एकच भाषा असते. माझ्याही होती.

याचा अर्थ मी बाजू बदलली असा नाही. लहान मुलाला पहिली अक्षरं, पहिले आकडे त्याच्या घरच्या बोलीजवळच्या भाषेतून मिळाले तर ते त्याला लवकर कळतात, हे मला आजही पटतं. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा स्थानिक भाषा म्हणतं, जमलं तर आठवीपर्यंत. भावाची पहिली चार वर्षं हाच त्याचा पुरावा. तो बिघडला चौथी आणि पाचवीच्या मधल्या फटीत. तिथे पूल बांधायचं काम शाळेचं होतं, सरकारचं होतं. तिसरीपासून हळूहळू इंग्लिश शब्द देता आले असते, पाचवीत दोन्ही भाषांतले शब्द असलेली पुस्तकं देता आली असती. ते काम शेवटी मम्मीच्या पेन्सिलीवर आलं. आणि त्यानंतर तिने धाकट्या मुलीला त्या फटीत उतरवलं नाही, तर आम्ही स्टेजवरून तिलाच जाब विचारतो.

आपल्या मंडळात ख्रिस्ती मुलगी मराठीत बोलायला उभी राहिली की कोणीतरी फादर स्टीफन्सना काढतोच. 'क्रिस्तपुराण', 1616, रायतूर, मराठी ओवी, झालंच. मला अभिमान आहे, नाही असं नाही. पण "तुमची तर चारशे वर्षांची परंपरा" असं म्हणणाऱ्या एकानेही मला आजपर्यंत विचारलं नाही की तू वाचायला कुठे शिकलीस. हा प्रश्न मम्मीनेच विचारला, आणि तो भाचरू प्रकरणात.

भाचरू म्हणजे भावाचा मुलगा. नात्याने भाचा, पण घरात सगळे भाचरूच म्हणतात. तीन वर्षांचा आहे. शाळेचा फॉर्म आणला होता. वहिनी सासष्टीची, तिला देवनागरी वाचता येत नाही. जेवताना तिने सहज विचारलं, कुठे घालू या याला? मी लगेच सुरू झाले. गावातली सरकारी मराठी शाळा, पटसंख्या, भाषा टिकवणं वगैरे. मम्मी भात वाढता वाढता म्हणाली, "सांगूक सोपा आसा गो." आणि मग, "तुका मराठी वाचूक कोणी शिकवल्यान? शाळेन?"

शाळेत कोंकणी हा एक विषय होता, बाकी सगळं इंग्लिश. मराठी मला मम्मीने शिकवली. ती हातशिलाई करायची आणि मी शेजारी बसून 'कालनिर्णय'च्या मागच्या पानांवरचे लेख मोठ्याने वाचायचे. जोडाक्षर चुकलं की ती वर न बघताच "परत" म्हणायची. नंतर 'तरुण भारत'चा अग्रलेख. मला काडीचंही कळायचं नाही, पण वाचायचा. आज मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. करते, स्टेजवर उभी राहून भाषेबद्दल बोलते, ते त्या 'परत'मुळे. इंग्लिशच्या रकान्याखाली सही करणारा हात आणि हा हात एकच.

मम्मीकडे युनिफॉर्मच्या मापांची वही आहे. पूर्वी त्यात सरकारी मराठी शाळेचं एक पान भरायचं. या वर्षी चार नावं आहेत. ती चारही मुलं ज्या घरांतली आहेत तिथे इंग्लिश शाळेच्या व्हॅनचे पैसे परवडत नाहीत, हे मम्मीला माहीत आहे, कारण शिलाईचे पैसेही ती हप्त्याने घेते. भाषा वाचवायची जबाबदारी आपण पुन्हा त्याच चार घरांवर टाकणार का? आपल्या मंडळातले पहिली ते चौथी मराठीतून शिकलेले मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मीही त्यांत नाही.

मंडळाला माझं एवढंच म्हणणं आहे की पुढची चर्चा आयांना बोलावून करू. त्यांना भाषण द्यायला नको, विचारायला बोलावू. पाचवीच्या मुलांसाठी शनिवारचा एक वर्ग चालवू, दोन्ही भाषांतले शब्द समजावणारा. आणि इंग्लिश शाळेतल्या ज्या मुलांच्या घरी 'परत' म्हणणारं कोणी नाही त्यांच्यासाठी एक वाचनाचा तास. चर्चचा हॉल मिळू शकेल, मी फादरना विचारलंय. माझा तो व्हिडिओ ग्रुपवरून काढू नका. त्याच्याखाली हा लेख लावा.

भाचरूचा फॉर्म सोमवारी भरला. इंग्लिश. वहिनीने मला एक अट घातली, शनिवारी तू त्याला देवनागरी शिकवायची, आणि मीही शेजारी बसणार. पहिल्या शनिवारी आम्ही 'म' घेतला. दोघांनीही तो उलटा काढला. मशीनवरून आवाज आला, "परत."