घराच्या कुलपाची किल्ली कोणाकडे?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात नेमानं येणारी एक मैत्रीण एका गुरुवारी आलीच नाही. पुढच्या आठवड्यात आली, ती घाबरलेली. तिनं आम्हाला ईमेलनं जे कळवलं होतं, ते नवऱ्यानं तिला जेवताना जवळजवळ शब्दन्‌शब्द ऐकवलं होतं. तिला वाटलं, केंद्रातल्याच कोणीतरी फोडलं. मला वाटलं, तीच कोणापाशी तरी बोलली असणार. आम्ही एकमेकींवर संशय घेत बसलो आणि ज्याच्यावर घ्यायचा तो बाजूलाच राहिला.

मग सावकाश एकेक विचारत गेलो. घरात काँप्युटर एकच. इंटरनेटचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर. पासवर्ड त्यानं ठेवलेला. तिचं ईमेलचं खातंसुद्धा त्यानंच उघडून दिलेलं, 'तुला नाही जमायचं' असं म्हणून. म्हणजे चोरी झालीच नव्हती. किल्ली पहिल्यापासून त्याच्याकडेच होती.

त्या रात्री घरी येऊन मी माझा स्वतःचा काँप्युटर पाहिला आणि मान खाली गेली. तो भाच्यानं बसवून दिलेला. खातं एकच, त्याला पासवर्ड नाही. मुलगा त्यावर गेम खेळतो, त्याचे मित्र येतात. इंटरनेटचा तो डबा, ज्याला राउटर म्हणतात, त्याचा पासवर्ड डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर छापलेला, तोच अजून चालू. आणि समोर उघड्यावर केंद्रात आलेल्या बायकांचे अर्ज, जबाब, पत्ते! कपाटाला कुलूप लावणारी मी बाई, सगळं दप्तर ओसरीवर मांडून बसले होते.

१५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात विदेश संचार निगमानं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा फोन लावून जोडणी करावी लागे. काम झालं की तोडायची, कारण बिल चढे आणि घरचा फोन अडकून पडे. आता डब्यावरचा दिवा दिवसरात्र पेटलेला असतो. आपण झोपलो तरी दार रस्त्यावर उघडतंच. त्या रस्त्यानं माणसं नव्हे, प्रोग्रॅम फिरत असतात. ते दारोदार कडी वाजवून पाहतात, कोणाची सैल आहे का. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा असाच पसरला. कोणी कुठलं पत्र उघडलं नव्हतं, कुठे बोट लावलं नव्हतं. काँप्युटर नुसता जोडलेला होता, एवढंच पुरलं. त्यावरची दुरुस्ती कंपनीनं महिनाभर आधीच दिली होती, पण असंख्य लोकांनी ती घातलीच नव्हती. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून.

बाहेरच्या चोराबद्दलचे हे सल्ले सगळीकडे मिळतात आणि ते खरेच आहेत. पण माझी तक्रार अशी, की ते सगळे एक गोष्ट गृहीत धरतात : घरातली माणसं एका बाजूला आणि चोर दुसऱ्या बाजूला. घर म्हणजे सुरक्षित जागा, ही कल्पना आपण बायकांनी कधीच तपासून पाहिली आहे. मग काँप्युटरच्या बाबतीत ती मुकाट्यानं का मानायची? ज्याच्या हाती काँप्युटरचे मुख्य अधिकार, तो दाबलेल्या प्रत्येक अक्षराची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम त्यात बसवू शकतो. ज्याच्या हाती राउटरचा पासवर्ड, त्याला कुठलं यंत्र केव्हा जोडलं होतं ते दिसतं; काही राउटरमध्ये कोणत्या साइट उघडल्या याचीही नोंद राहते. इतिहास पुसून किंवा खाजगी खिडकी उघडून ही पाळत थांबत नाही.

कायदा याला 'नवराबायकोची घरगुती बाब' म्हणत नाही. २०१३ साली भारतीय दंडविधानात ३५४-ड हे कलम आलं. बाईच्या इंटरनेट किंवा ईमेलच्या वापरावर पुरुषानं पाळत ठेवणं हा त्यात गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच ७८ वं कलम आहे. पण पाळत आहे हेच बाईला कळलं नाही, तर कलम कुठून वापरणार?

काही मैत्रिणी म्हणतील, 'बाईला आधी डोक्यावर छप्पर मिळू दे, काँप्युटरचं कुठे घेऊन बसलीस!' दुसऱ्या म्हणतील, 'हे आपलं काम नव्हे, मुलांना सांगू.' १९८३ साली ४९८-अ आलं, तेव्हा आपल्यापैकी किती जणी वकील होत्या? तरी कलमं समजून घेतली, पंचनामा वाचायला शिकलो, ठाण्यात उभं राहून फिर्याद लिहून घ्यायला लावली. त्यामानानं हे अवघड नाही.

मी काय केलं ते सांगते. भाच्याला शेजारी बसवलं, पण हात माझेच चालवले. राउटरचे दोन्ही पासवर्ड बदलले, वायफायचा आणि राउटरच्या आतल्या मांडणीचा. स्वतःचं वेगळं खातं केलं, मुलाचं वेगळं. मुख्य अधिकार मुलाच्या खात्याला ठेवले नाहीत. दुरुस्त्या आपोआप येतील अशी सोय केली आणि फायरवॉल चालू आहे ना ते पाहिलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या काँप्युटरवर काम करणाऱ्या संघटनांनी इकडे लक्ष द्यावंच. केंद्राचे कागद पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर हलवले. त्यांची दुसरी प्रत केंद्राच्या कपाटात, कशालाही न जोडता ठेवली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या प्रोग्रॅमनं जगभर फायली कोंडून खंडणी मागितली, तेव्हा अशी सुटी प्रत असणाऱ्यांचं काम वाचलं. रात्री राउटर बंद करते.

पण हीच यादी केंद्रात येणाऱ्या बाईच्या हातात देऊ नका. तिनं घरी एकाएकी पासवर्ड बदलले की पहिल्यांदा नवऱ्याला कळणार आणि मार तिला पडणार. शिवाय पाळतीचा पुरावाही पुसला जाईल. तिच्यासाठी आधी घराबाहेरचं, विश्वासाचं दुसरं यंत्र शोधायचं आणि त्यावर नवं खातं उघडायचं. घरच्या काँप्युटरवर ते खातं कधीच उघडायचं नाही. तिथलं कधी आणि काय बदलायचं, हे तिनंच ठरवायचं.

ती मैत्रीण आता पुन्हा केंद्रात येते. बहिणीच्या फोनवरून कळवते, घरून एक अक्षर लिहीत नाही. आम्ही मात्र नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवला आहे : 'घरच्या इंटरनेटचा पासवर्ड कोणाकडे आहे?' तुमच्या केंद्रातही विचारून पाहा. आणि त्याआधी स्वतःला विचारा.