सरासरीने घेतलेला साठा

मात्रा ठरविताना आपण अग्नी, बल, वय, प्रकृती व ऋतू यांचा विचार करतो. दोन रुग्णांची सरासरी काढून तिसऱ्यास औषध देणारा वैद्य कोणी पाहिला नसेल. मग औषधालयाची खरेदी करताना हा विवेक कोठे जातो?

स्वतःचाच अनुभव नमूद करतो. पाथर्डी तालुक्यातील माझ्या औषधालयात गतवर्षी सितोपलादि चूर्णाच्या 240 डब्या खपल्या. महिन्याची सरासरी 20. तेवढीच मागणी मी दरमहा नोंदवीत आलो. बिलबुकावरून महिनावार आकडे मांडले, तेव्हा एकाही महिन्यात 20 डब्या गेल्या नव्हत्या असे आढळले! जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत 172, उर्वरित आठ महिन्यांत अवघ्या 68. सर्व आकडे चढत्या क्रमाने लावून मधला काढला, ज्यास सांख्यिकीत मध्यक म्हणतात, तो निघाला 9. कारण डोळ्यांसमोरच होते. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडील ऊसतोडणी कामगार कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि हिवाळ्यातील कासाचे रुग्णही त्यांच्याबरोबर जातात. संगमनेर-कोपरगावकडील व्यावसायिकांचे आकडे कदाचित याच्या नेमके उलट असतील.

वर्षअखेर हिशेब जुळतो, एकही डबी मुदतबाह्य होत नाही, म्हणून ही चूक दिसत नाही. परंतु जुलैतील रुग्णाच्या हाती पडणारे चूर्ण मी फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेले असते. कायद्याने चूर्णास 2 वर्षांची मुदत दिली आहे. शार्ङ्गधराच्या मते ते 2 महिन्यांनंतर हीनवीर्य होते. आधुनिक वेष्टनामुळे काही फरक पडतो हे मान्य, पण गुण आला नाही म्हणून रुग्ण परत फिरतो तेव्हा आपण दोष पथ्यावर ढकलतो.

सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आहाराच्या संदर्भात हाच आग्रह धरला होता: उष्मांकांची सरासरी गरज ही प्रत्येकाची गरज नव्हे, आणि एकाच व्यक्तीची गरजही कायम तीच राहत नाही. प्रकृतिविचार शिकलेल्यास हे नवे वाटू नये. पदवी अभ्यासक्रमात वैद्यकीय सांख्यिकी आहे खरी, पण ती परीक्षेपुरती व प्रबंधापुरती उरते. संघटनेने एखाद्या बैठकीचे दोन तास यासाठी द्यावेत आणि प्रत्येकाने स्वतःचे बिलबुक सोबत आणावे, असे सुचवितो.

एका वर्षाच्या आकड्यांवर विसंबणे योग्य नाही, म्हणून मागील तीन वर्षांची बिले काढावयास घेतली आहेत. तूर्त जूनअखेरीस 40 डब्यांचीच मागणी नोंदविली. "डॉक्टर, दहावर दोन मोफत आहेत, शंभर घ्या," असे प्रतिनिधी म्हणत होता. मी वही त्याच्यापुढे सरकविली.