टाचेची शीर आणि घरची रीत

आपल्या जुन्या घरांतून आजारपणाच्या दोनच अवस्था मानल्या जातात. माणूस एक तर अंथरुणावर असतो, नाही तर कामावर. अंथरुणावर असेपर्यंत त्याची बडदास्त काय वर्णावी! मुगाचे कढण, उशाशी तांब्याभांडे, समाचाराला येणारांची रीघ आणि प्रत्येकाच्या खिशात एक रामबाण उपाय. पण एकदा का तो उठून बसला, की दुसऱ्या दिवशी हाती पिशवी देऊन त्याला खंडेराव मार्केटपर्यंत पिटाळण्यास कोणालाही काही वाटत नाही. ताप-पडशाला ही रीत चालून जाते. परंतु काही दुखणी अशी असतात की, त्यांचे खरे आजारपण अंथरुणातून उठल्यावरच सुरू होते. टाचेमागची शीर तुटून तिच्यावर शस्त्रक्रिया होणे हे त्यांपैकी एक. आणि घरची गृहिणी त्यात सापडली तर तिचे हाल आपल्या या रीतीमुळेच होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोदेकरांना हा विषय परका वाटू नये. वर्षभर खुर्चीत बसून काम करणारी, चाळिशी ओलांडलेली माणसे नवरात्र आले की नऊ रात्री अनवाणी पायांनी मैदानात उतरतात. गरब्याच्या उड्या, गिरक्या, टाच उचलून घेतलेली झेप, सारा भार पिंढरीवर आणि तिच्या शेवटाला असलेल्या शिरेवर पडतो. एखाद्या रात्री ती शीर तटकन तुटते. ज्यांची तुटली ते बहुधा सगळे एकच हकीकत सांगतात: "मागून कोणी तरी लाथ मारली असे वाटले." मागे वळून पाहावे तर कोणीच नसते.

ही शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. स्नायूला हाडाशी जखडणारा तो दोर आहे. जुनी माणसे हिला घोडशीर म्हणत. युरोपात तिला ग्रीक वीर अकिलीझ याचे नाव मिळाले, ते फर्हाईन या शरीरशास्त्रज्ञाने १६९३ साली तिला 'अकिलीझची दोरी' म्हटले तेव्हापासून. आईने टाचेला धरून दिव्य नदीत बुडविले, म्हणून तेवढी टाच कोरडी आणि मर्त्य राहिली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. (आपल्या श्रीकृष्णालाही व्याधाचा बाण पायातच लागला. दोन्हीकडच्या कथाकारांनी मर्मस्थान तळाशीच शोधावे, याचे मला नेहमी नवल वाटते.) शरीरातली ही सर्वांत जाड आणि बळकट शीर. वीतभर लांब. धावताना ती शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ओढ सोसते. पण टाचेच्या हाडापासून वर दोन ते सहा सेंटिमीटरांच्या टापूत तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो, आणि बहुधा तेथेच ती तुटते. रक्त कमी, म्हणून भरून येणेही सावकाश. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

माझी एक भाची आहे. वय बेचाळीस, बँकेत नोकरी, दांडिया बाजाराकडच्या एका जुन्या वाड्यात दिलेली. दोन वर्षांपूर्वी सातव्या माळेच्या रात्री तिची ही शीर गेली. मैदानावर कोणी बर्फ लावला, कोणी फवारा मारला. बोटे हलत आहेत, पाऊलही थोडे हलते, तेव्हा मुरगळलाच असणार असे ठरले. पाऊल खाली दाबणारे दुसरेही लहान स्नायू असतात, त्यामुळे शीर पूर्ण तुटली तरी थोडी हालचाल राहते आणि घरचे फसतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला पालथे झोपवून पिंढरी दाबली. निरोगी पायात पिंढरी दाबली की पाऊल आपोआप खाली झुकते. तिचे जागचे हलले नाही. निदान झाले. टोके जुळवून टाके घातले, बोटे खाली झुकलेली ठेवून प्लास्टर केले आणि ती घरी आली. येताना मिळालेल्या कागदावर औषधांची सविस्तर यादी होती. पुढच्या सहा महिन्यांविषयी मात्र दीड ओळ.

सहा आठवडे तिची फार उत्तम काळजी घेतली गेली, हे मुद्दाम नमूद करतो. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, स्वभावाने कनवाळू आहेत. वाड्याचा लाकडी जिना उभा, म्हणून खालच्या खोलीत पलंग टाकला. जेवणाचे ताट जागेवर येई. पण प्लास्टर निघाले त्याच संध्याकाळी तो पलंग वर गेला! विहीणबाई मला आनंदाने म्हणाल्या, "भाऊसाहेब, सुटलो बाई एकदाचे. आता मार्गशीर्षातले गुरुवार तिचे तिला करता येतील."

वस्तुस्थिती नेमकी उलट होती. शीर भरून येते ती टप्प्याटप्प्याने. पहिल्या काही आठवड्यांत तुटलेल्या जागी जे तंतू तयार होतात ते कच्चे आणि अस्ताव्यस्त असतात, घाईत वळलेल्या सुंभासारखे. त्यांना हळूहळू ताण मिळाला म्हणजेच ते एका दिशेने लागतात आणि पीळ घट्ट होतो. हे काम महिनोन् महिने, वर्षभर व त्याहूनही अधिक चालते. पुन्हा तुटण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत विशेष. आणि त्यातही, आधार नुकताच सुटला आहे व मनाला धीर आला आहे अशा वेळी. दुसरा धोका गुपचूप येतो. कच्ची शीर फार ताणली गेली तर तुटत नाही, पण लांबते. लांबलेली शीर म्हणजे सैल झालेली मोटेची दोरी. पाय दिसायला ठीक, दुखतही नाही. परंतु पावलाला रेटा राहत नाही, जिना चढताना पाय मागे पडतो, आणि हे पुढे व्यायामानेही पुरते भरून निघत नाही.

आता ती शीर सर्वांत जास्त ताणणारी आसने कोणती? उकिडवे बसणे. पाटावरून उठणे. वाकून नमस्कार करण्यासाठी गुडघे पुढे टेकणे. उभ्या जिन्यावरून उतरणे. भारतीय पद्धतीचे शौचकूप. म्हणजे आपल्या घरातली स्त्री सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे करते, ते जणू तिच्या शिरेविरुद्ध रचलेले! परदेशी पुस्तकांतल्या सूचना खुर्ची-टेबलाच्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांत उकिडव्या बसण्याचा उल्लेखही कशाला येईल? तो उल्लेख आपल्या डॉक्टरांनी करावयास हवा, आणि घरच्यांनी तो मुद्दाम विचारावयास हवा.

त्यातून पादत्राणाचा प्रश्न. प्लास्टरनंतर काही आठवडे टाचेखाली उंचवटा असलेला बूट घालून चालावे लागते, घरातसुद्धा. उंचवट्याने टाच वर राहते आणि शिरेवरचा ताण कमी होतो. पाचरी एकेक काढीत टाच हळूहळू खाली आणतात. भाचीने तो बूट घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकताच घरात जी शांतता पसरली, ती मी स्वतः अनुभवली आहे. कोणी रागावले नाही. पण ती मुकाट्याने बाहेर आली, बूट काढला आणि अनवाणी, लंगडत आत गेली. दिवसातून दहा वेळा.

मला स्वच्छतेची आणि सोवळ्याची थट्टा करावयाची नाही. परंतु ज्या घरांत हे चालते, त्यांच्याच माळ्यावर आजोबांच्या खडावा अजून धूळ खात पडल्या असतील. सोवळ्यात खडावा चालत. लाकडाला विटाळ नसे. म्हणजे पायात काही असणे हा आपल्या परंपरेत अपराध नव्हता, रस्त्याची घाण आत आणणे हा होता. मग केवळ घरात वापरावयाचा, रोज पुसलेला एक जोड देवघराच्या उंबऱ्यापर्यंत का चालू नये? विहीणबाईंपुढे मी हा मुद्दा मांडला. त्या म्हणाल्या, "खडावा पुरुषांच्या होत्या हो, भाऊसाहेब." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, पण त्या स्वतःच थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून बूट आत चालू लागला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र भाचीने जमिनीवर बसून पन्नास बायकांच्या ओट्या भरल्याच. तेव्हा शस्त्रक्रियेला तीन महिने होत आले होते. शीर तुटली नाही, हे दैव. आठ दिवस घोटा सुजून होता.

असाच पाय तिच्या दिरांचा तुटला असता तर? वाचकांनी आपापल्या घरापुरते उत्तर द्यावे.

शस्त्रक्रियेवर आपण पैसा आणि चिंता दोन्ही मुक्तहस्ते खर्च करतो, आणि नंतरच्या व्यायामाच्या वेळी हात आखडतो. विम्याच्या बहुतेक योजनाही घरी आल्यावर ठरावीक दिवसांचाच खर्च देतात. वास्तविक सुरीपेक्षा पुढची निगा कमी महत्त्वाची नाही. नॉर्वेत पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. काहींवर नेहमीची शस्त्रक्रिया, काहींवर लहान छेदाची, तर काहींवर मुळीच शस्त्रक्रिया नाही. नंतरची निगा सर्वांची सारखी. वर्षाअखेर तिन्ही गटांतील लोकांचे पाय, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, सारखेच कामाला आले होते. बिनशस्त्रक्रियेच्या गटात शंभरातील सहांची शीर पुन्हा तुटली, शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत शंभरात एकाचीही धड नाही. म्हणून शस्त्रक्रिया व्यर्थ असे कोणी म्हणू नये. ती करावी की नाही हे डॉक्टरांनी वय, काम, मधुमेह पाहून ठरवावे. पण नंतरची निगा हे उपचाराचे शेपूट नव्हे, धड आहे, एवढे तरी यातून दिसते.

आणि हे बडोद्याला कोणी शिकवावे? राजरत्न प्रा. माणिकराव यांचे हे गाव. तालमीत अंग कमाविणे आणि दुखावलेले अंग पुन्हा वळणावर आणणे या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या पिढीला सांगावे लागत नसे; हाड बसविण्यात त्यांचा स्वतःचा हातखंडा होता. याच गावातून आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत काढला. कित्येक जुन्या घरांत त्याचे खंड काचेच्या कपाटात असतील. त्याच घरांत आज फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलीला 'ती पाय चोळणारी' म्हणतात आणि चार दिवसांत 'एवढे काय, घरीच करू' म्हणून तिला बंद करतात. ती चोळत नाही; कच्च्या शिरेवर तेल लावून रगडणे तर तिला मुळीच मान्य नसते. ती ताण मोजून देते. आज बसून टाचा उचला. तीन महिन्यांच्या सुमारास ओट्याला धरून दोन्ही पायांवर उभ्याने टाचा उचला. मग भार दुखऱ्या पायावर थोडा थोडा सरकवा. एका पायावर उभे राहून टाच पुरी उचलता येणे ही यातली मोठी परीक्षा. कोणाला ती सहा महिन्यांत साधते, कोणाला वर्षानेही अर्धीच. काम कंटाळवाणे आहे, दंड-जोरासारखे त्यात मिरविण्यासारखे काही नाही, आणि ज्या घरी सकाळच्या डब्यांची घाई आहे तेथे ओटा धरून पंधरा मिनिटे नुसते उभे राहण्यास सुनेला एक प्रकारचे धैर्य लागते. तेवढी पंधरा मिनिटे कुकरपाशी दुसऱ्या कोणी उभे राहिले तर ते धैर्य लागणार नाही.

जाता जाता एक सूचना. या काळात पिंढरी एकाएकी सुजून दुखू लागली, किंवा धाप लागली, तर समाचाराला आलेल्या मंडळींचा सल्ला न घेता लगेच डॉक्टर गाठावा. पाय फार दिवस स्थिर राहिला की शिरांत रक्त गोठू शकते, आणि ते धोक्याचे असते.

भाची पुढच्या नवरात्रात मैदानात उतरली नाही. सोसायटीच्या चौकात, बूट घालून, बायकांच्या संथ फेरात ती तीन रात्री फिरली. गेल्या खेपेस भेटली तेव्हा डाव्या पायावर पंचवीस वेळा आणि दुखऱ्या उजव्यावर सतरा वेळा टाच उचलते म्हणाली. जिन्याला तिच्या यजमानांनी दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला आहे. त्याचा उपयोग आता विहीणबाईच अधिक करतात.

यंदाच्या नवरात्राला अजून अवकाश आहे. ज्यांना नऊ रात्री नाचावयाचे आहे त्यांनी आजपासूनच ओट्याला धरून टाचा उचलण्यास आरंभ करावा. आणि ज्यांच्या घरी कोणाचे प्लास्टर नुकतेच निघाले आहे, त्यांनी खालच्या खोलीतला पलंग इतक्यात वर नेऊ नये.