अवजड वाहनबंदीने काय साधते?

कंटेनरखाली किंवा डंपरखाली कोणी सापडले की दुसऱ्या दिवशीच्या मागण्या ठरलेल्या असतात. दिवसा अवजड वाहने शहरात येऊ देऊ नका, चालकाला जन्माची अद्दल घडेल अशी शिक्षा करा, आणि लवकरात लवकर बाह्यवळण रस्ता बांधा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांचा, पुण्यात नवले पुलावरून रोज कामाला जाणाऱ्यांचा, हिंजवडीत काँक्रीट मिक्सरच्या कडेने दुचाकी काढणाऱ्या मुलामुलींचा राग खरा आहे. चाळीस-पन्नास टनांच्या गाडीपुढे दुचाकीवरच्या माणसाचा टिकाव लागत नाही, याबद्दल वादच नाही. पण या तिन्ही मागण्या आपण वर्षानुवर्षे थोड्याफार फरकाने मान्य करत आलो आहोत, आणि माणसे मरायची थांबलेली नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एक समजूत आहे की ट्रक हा शहरात बाहेरून घुसलेला परका आहे. मला ही समजूतच खोडून काढायची आहे.

न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथून गुजरातकडे किंवा भिवंडीच्या गोदामांकडे निघालेला कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बाह्यवळण आणि खारेगाव करत येतो. गुजरातचा असेल तर माजिवड्याहून घोडबंदर रस्ता धरतो आणि गायमुखचा घाट चढून अहमदाबाद महामार्गाला लागतो. ज्या रस्त्यावर तो 'घुसला' म्हणून आपण ओरडतो, त्या रस्त्याच्या दुतर्फा तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. त्यांचे लोखंड ट्रेलरवरून आले, काँक्रीट मिक्सरमधून आले आणि पायाची माती डंपरने बाहेर गेली. आता त्या घरांत रोज येणारी पार्सले भिवंडीच्या गोदामांतून निघतात, आणि त्या गोदामांत ती ट्रकनेच आलेली असतात. शहर ज्याला दिवसरात्र बोलावते त्याला परका म्हणता येत नाही. त्याच्या येण्याची नीट व्यवस्था लावणे हे बोलावणाऱ्याचे काम आहे.

पहिली मागणी दिवसाच्या बंदीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ने असे निर्बंध घालता येतात, आणि मुंबई, ठाणे, पुणे या सगळ्या शहरांत ते कमीअधिक प्रमाणात आहेतच. गर्दीच्या दोन-तीन तासांपुरती बंदी मलाही मान्य आहे. पण प्रत्येक अपघातानंतर तिचे तास वाढवत नेले की काय होते, ते शहराच्या वेशीवर जाऊन पाहावे. सकाळपासून गाड्या रस्त्याच्या कडेला एकामागे एक लागतात. सावली नाही, शौचालय नाही, जेवायला धड जागा नाही. कडेला उभी गाडी म्हणून ई-चलन येते ते वेगळेच. केबिनमध्ये उन्हाने जीव नकोसा होतो. नव्या ट्रकना वातानुकूलित केबिनची सक्ती झाली ती ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांना, रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांना तिचा काय उपयोग? अशा उकाड्यात दिवसभर तळमळलेला माणूस रात्री नो एंट्री उठली की स्टिअरिंग धरतो, आणि पहाटे पुन्हा बंदी लागण्याआधी गाडी खाली करून शहराबाहेर पडायची घाई त्याच्या मानेवर बसलेली असते. अडवलेल्या सगळ्या गाड्या एकदमच सुटतात. थकवा, अंधार, घाई आणि मोकळ्या रस्त्याचा वेग हे सगळे आपण आदेश काढून एकत्र आणतो, आणि मग रात्रीच्या अपघाताची बातमी वाचून चालकाला डुलकी लागली म्हणून हळहळतो.

मिक्सरचे गणित तर याहून अवघड. तयार काँक्रीट भरल्यापासून साधारण दोन तासांच्या आत ओतावे लागते, नाहीतर ते घट्ट होऊ लागते आणि माल परत पाठवला जातो. बंदीच्या दोन वेळांमधल्या फटीत जितक्या खेपा बसतील तितक्या बसवायच्या, आणि प्रत्येक खेपेमागे ड्रममधला माल आवळत चाललेला. शाळा सुटण्याच्या वेळेला गल्लीतून मिक्सर भरधाव जातो याचे एक कारण इथे आहे. ठेकेदाराचे वेळापत्रक आणि शहराचे वेळापत्रक एकमेकांसमोर कधी ठेवलेच गेले नाही.

यावर काहींचे म्हणणे असते की मोठी गाडी वेशीवर थांबवा आणि आतला माल छोट्या टेम्पोंनी न्या. दुकानाच्या मालाला हे काही प्रमाणात ठीक आहे, पण सरसकट उपाय म्हणून हिशेब मांडून पाहा. दहा चाकी ट्रकमध्ये अठरा टनांच्या आसपास माल बसतो. 'छोटा हत्ती' पाऊण टन नेतो. एका ट्रकच्या जागी चोवीस टेम्पो, चोवीस चालक, आणि चोवीस वेळा चौकात वळण. रस्त्यावरची गर्दी याने कमी कशी होणार?

लंडनमध्ये १९८५ पासून अवजड (आता अठरा टनांवरच्या) ट्रकवर निर्बंध आहेत, आणि ते रात्रीचे व शनिवार-रविवारचे आहेत, रहिवाशांची झोप मोडू नये म्हणून. आपण दिवसा अडवतो, ते रात्री अडवतात. लंडनचे रस्ते आणि आपले रस्ते एक नाहीत, त्यांची नक्कल करा असे मी म्हणत नाही. पण मोठ्या शहरात दिवसा ट्रक चालूच शकत नाही, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्याच लंडनने २०२१ पासून मोठ्या ट्रकच्या केबिनमधून चालकाला आजूबाजूचे थेट किती दिसते यावरून गाडीच्या तारांकनाची अट लागू केली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती अट आणखी कडक केली. कमी तारे असतील तर जादा सुरक्षा उपकरणे बसवल्याशिवाय गाडी आत येऊ शकत नाही. आपल्याकडे नो एंट्रीच्या फलकावर गाडीचे वजन असते, वेळ असते. चालकाला दिसते किती, हे कोणी विचारत नाही.

ते मी एकदा पाहिले आहे. कळंबोलीहून भिवंडीपर्यंत एका ट्रेलरमध्ये क्लिनरच्या जागेवर बसून गेलो होतो. चालक बीडकडचा, तिशीतला. निघतानाच म्हणाला, "काका, डावीकडे बघत राहा. कोणी घुसलं की नुसतं 'थांब' म्हणा." चाळीस फुटी कंटेनर डावीकडे वळवायचा तर आधी गाडी उजवीकडे झोकावी लागते, कारण मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती वळणाच्या आतून कापत येतात. पुढचे तोंड उजवीकडे गेले की डावीकडे मोकळी जागा दिसते. ती जागा मागच्या चाकांसाठी सोडलेली असते, पण मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला वाटते, मला वाट दिली. शिळफाट्याच्या अलीकडे अशाच एका वळणावर एक स्कूटर आत शिरली. मागे बाई, मांडीवर पिशवी. माझ्या खिडकीतून वाकून पाहिले तर खाली हेल्मेट दिसत होते, चालकाच्या जागेवरून काहीच दिसत नव्हते. तिन्ही आरशांत ती नव्हती. मी ओरडलो, त्याने जागीच ब्रेक मारला, हवेचा फुस्स आवाज झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्नवर हात ठेवले. स्कूटरवाला आम्हाला शिवी देऊन निघून गेला. चालक काही बोलला नाही. आरसा पुन्हा पाहिला आणि वळण पुरे केले.

म्हणूनच जुलै २०२५ च्या संपात वाहतूकदारांनी क्लिनरची सक्ती काढा अशी जी मागणी केली, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यांच्या बाकीच्या अनेक तक्रारी रास्त आहेत. पण शहरात शिरणाऱ्या मोठ्या गाडीचा डावा डोळा क्लिनर आहे. दार थोपटून "येऊ दे, येऊ दे, बस्स" म्हणणारा तो पोरगा काढून टाकायचा असेल, तर त्याच्या जागी कॅमेरे आणि इशारा देणारी यंत्रणा आधी बसवा, नुसता पगार वाचवू नका.

आता दुसरी मागणी, शिक्षेची. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये जीवघेणा अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. जो दारू पिऊन चालवतो, जो माणूस चिरडून पळतो, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. यात मी कोणतीही सूट मागत नाही. पण शिक्षा वाढवली की अपघात घटतात हे म्हणणे टिकत नाही, कारण चालकाच्या हातून चूक घडवणारी माणसे शिक्षेच्या कक्षेत येतच नाहीत.

नवले पुलाचेच घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की लांब, सलग उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे डझनावारी गाड्या उडवल्या, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे तपासात सांगितले गेले. अवजड गाडी उतारावर न्यूट्रल केली की इंजिनची ओढ सुटते आणि सगळे वजन ब्रेकवर येते. लायनर तापतात, मग पकडतच नाहीत. इंजिनच बंद केले तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. असे का करतात? चार पैशांचे डिझेल वाचते म्हणून. कित्येक चालकांचा डिझेलचा हिशेब बांधलेला असतो, वाचले ते त्याचे, जादा लागले ते त्याच्या पगारातून. हा हिशेब मालक ठरवतो. खटला मात्र एकट्या चालकावर चालतो.

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. तो पाळला जातो की नाही, हे आपल्या शहरांच्या वेशीवर कोणी तपासताना मी पाहिले नाही. जादा वजनासाठी कलम १९४ मध्ये वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. तो गाडी चालवणाऱ्याप्रमाणेच चालवायला लावणाऱ्यालाही लागू आहे, हे कायद्यातच लिहिले आहे. माल भरून देणारा आणि गाडी पाठवणारा यांच्यापर्यंत ते शब्द पोचवा, मग शिक्षेच्या मागणीला मी स्वतः पाठिंबा देईन.

बाह्यवळणाबद्दल फार लिहायला नको. नवले पुलाचा रस्ता हाच एकेकाळी पुण्याचा बाह्यवळण रस्ता होता. आज त्याच्या दोन्ही अंगांना नऱ्हे, वारजे, बावधन, बाणेर पसरले आहे. बांधकामाला परवानग्या देणारे आणि रस्ते आखणारे एकमेकांशी बोलत नाहीत तोवर नवा वर्तुळाकार रस्ताही काही वर्षांत गावातलाच होईल.

मग करायचे काय? ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, ट्रकचा चालूच आहे. जो पैसे भरतो त्याला त्या पैशातून काहीतरी मिळाले पाहिजे. प्रत्येक वेशीवर गाड्या उभ्या करायला वाहनतळ हवा, तिथे झोपायला खाट, अंघोळीला पाणी, स्वच्छ संडास हवा. शहरात शिरायची वेळ तिथे आधी आरक्षित करता यावी, म्हणजे दोनशे गाड्या एकदम सुटणार नाहीत. नवले पुलासारख्या उतारांवर बोगद्याआधी ब्रेक तपासायला सक्तीचा थांबा आणि ब्रेक गेलेली गाडी अडवायला खडीचा चढ असावा. चाकांच्या मधल्या उघड्या जागेत माणूस जाऊ नये म्हणून बाजूचे संरक्षक दांडे नियमात आहेत, कित्येक गाड्यांना ते वाकलेले किंवा गायब असतात. योग्यता प्रमाणपत्र देताना ते हाताने हलवून पाहावेत.

आणि ज्याच्याकडे माल येतो त्यालाही बांधून घ्यावे. रात्री माल उतरवायचा असेल तर माथाडींना रात्रीचा दर द्यावा, चालकाचा खोळंबा झाला तर तासाप्रमाणे पैसे द्यावेत. मोठ्या इमारतीला, मॉलला, गोदामाला परवानगी देतानाच आवारात ट्रक पूर्ण वळेल एवढी जागा दाखवायला लावावी, आणि बांधकाम चालू असेतो मिक्सर-डंपरच्या खेपांचे वेळापत्रक वाहतूक पोलिसांकडे देणे बंधनकारक करावे. ते पाळले नाही तर काम थांबवावे, गाडीवाल्याच्या नावावर चलन फाडून मोकळे होऊ नये.