दगडाचा ग्रिड रेफरन्स

माझ्या टेबलावर गेली अठरा वर्षं एक दगड पेपरवेट म्हणून पडून आहे. कॅप्टन असताना थरच्या वाळवंटात एका एक्सरसाइझमध्ये मोर्चा खणताना तो सापडला. दोन्ही बाजूंनी छिलके काढलेला, तळव्यात नेमका बसणारा. आवडला, खिशात टाकला. मागच्या महिन्यात डीडवान्याला जाऊन आल्यापासून मात्र त्याच्याकडे बघवत नाही.

राजस्थानातलं डीडवाना खाऱ्या सरोवरासाठी प्रसिद्ध. जवळच सिंगी तलाव आहे. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आणि सहकाऱ्यांनी इथे काम केलं. जुन्या तळ्याकाठच्या मातीत आदिमानवाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यांचं वय सुमारे १ लाख ७७ हजार वर्षं ठरवलं. एनडीएत असताना लिबर्टीच्या दिवशी अख्खं पुणे पालथं घातलं, पण डेक्कन कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. ते इथे वाळवंटात भेटलं!

बघायला तिथे फारसं काही नाही. माझा ड्रायव्हर म्हणाला, "साब, यहाँ तो बस पत्थर है." खरंच होतं. पण त्याच मातीत गारगोटीचे सहा छोटे स्फटिक मिळाले होते. हत्यारं करायला फारच लहान आणि दुसरीकडून आणलेले. कुणाला तरी ते नुसतेच आवडले असावेत. हत्यारांच्याच थरात सापडले म्हणून हे कळलं. कुणी खिशात टाकले असते तर?

जागा नसलेली खबर आपण इंटेलिजन्स म्हणून स्वीकारत नाही. माझा दगड तसाच आहे. कुठला थर, किती खोल, शेजारी काय होतं, सगळं मीच पुसून टाकलं.

दर हिवाळ्यात आपल्या युनिट्स वाळवंटात मोर्चे खणतात. एवढी जमीन कुठला पुरातत्त्वज्ञ उघडणार? म्हणून माझं म्हणणं इतकंच: एक्सरसाइझच्या ब्रीफिंगमध्ये एक परिच्छेद वाढवावा. न फुटलेला गोळा दिसला तर जवानाला आपण काय शिकवतो? हात लावू नको, खूण कर, कळव. हेच घडवलेल्या दगडालाही लागू करावं. फोटो, ग्रिड रेफरन्स, आणि माहिती पुरातत्त्व खात्याला.

काही जण म्हणतील, फौजेला हीच कामं उरलीत का? युद्धात हे कुणी विचारणार नाही. पण एक्सरसाइझमध्ये दोन मिनिटं नक्की निघतात. जी जमीन राखायला आपण उभे आहोत, तिच्या पोटात काय आहे याचीही थोडी जबाबदारी आपली.

माझा दगड आता डेक्कन कॉलेजला पाठवतोय. सोबत नकाशा आहे. आठवणीवरून काढलेलं वर्तुळ चार किलोमीटरचं झालं. त्याहून लहान काढता येईना.