झोप हिरावलेला उंदीर काय सांगतो?

गांजा शांत करतो की हिंसक बनवतो? या वादात दोन्ही बाजू प्रयोगशाळेतील प्राण्यांचे दाखले देतात. त्यामुळे ब्राझीलमधील साओ पाउलो येथे एलिसाल्दो कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात केलेले प्रयोग नीट समजून घ्यायला हवेत.

पाण्याने वेढलेल्या चिमुकल्या ओट्यावर उंदराला ठेवले, की स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडताच तो पाण्याला टेकतो आणि दचकून जागा होतो. चार दिवस अशी झोप हिरावलेल्या उंदरांना गांजाचा अर्क किंवा त्यातील ‘टीएचसी’ हे द्रव्य दिल्यावर ते एकमेकांवर तुटून पडले. नेहमीसारखी झोप मिळालेल्या उंदरांत मात्र अशी झुंज जुंपली नाही.

म्हणजे परिणाम केवळ द्रव्यावर नव्हे, तर ते कोणत्या अवस्थेतील शरीरात जाते यावरही ठरतो. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरेच. पण झोप येत नाही म्हणून गांजाकडे वळणाऱ्यांनी ‘वनस्पतीच तर आहे’ या समजुतीवर विसंबू नये. निद्रानाशाची तक्रार आधी डॉक्टरांकडे न्यावी. गांजाच्या औषधी वापराच्या चाचण्यांतही रुग्णाच्या झोपेची नोंद सक्तीची असावी.