जिंकणाऱ्याला एकाहत्तर टक्के

दादाने मला साडेपाच–साडेचार असं हरवलं. नातेवाईक मंडळींना निकाल फॅमिली ग्रुपवर कळलेलाच आहे, मिठाईचे फोटोही सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्यात नवीन काही नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. दादा म्हणजे माझा थोरला मावसभाऊ. तो बदलापुरात, मी करी रोडला, मध्ये इंटरनेट. दहा डाव, प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंद वाढीव. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला एकेक डाव, असे पाच आठवडे आम्ही बुद्धिबळ खेळलो. दोघांच्याही घरातल्या मालिका बुडाल्या त्या वेगळ्याच.

तर मॅच संपली, दादा जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला की पुढची मॅच नको.

का, तर त्याच्या नातवाने दहाही डाव ॲपच्या तपासणीतून काढले. हल्ली डाव संपला की एक बटण दाबायचं, कॉम्प्युटर सगळ्या खेळ्या तपासतो आणि दोघांना टक्के देतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं! दादाची दहा डावांची सरासरी आली एकाहत्तर, माझी अठ्ठ्याहत्तर. नातू अकरा वर्षांचा आहे, खोटं बोलत नाही. तो म्हणाला, "आजोबा, जिंकलात तुम्ही, पण खेळ मुंबईच्या आजोबांचा चांगला झाला."

दादाला हे लागलं. म्हणाला, "अरे, मला खेळता येतच नाही असं दिसतंय. इतकी वर्षं उगाच."

हे कोण बोलतंय ते आधी लक्षात घ्या. आमच्या चाळीच्या गॅलरीत दादाला हरवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. दादा गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि दोन-तीन वर्षांतच, १८ जानेवारी १९८२ ला, संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर सकाळी दहापासून पट मांडलेला असायचा. पत्तेही चालायचे, कॅरमही चालायचा, पण पत्त्यांत पैसे लागतात म्हणून आप्पांना (दादाचे वडील) ते खपायचे नाहीत. बुद्धिबळात काही जात नाही, असं त्यांचं म्हणणं. दादा तिथे दिवसाला दहा-दहा डाव खेळला. घरात डाळ किती उरली आहे हे ठाऊक असताना माणूस पुढच्या चार खेळ्यांचा विचार करू शकतो हे मी त्याच्याकडे पाहून शिकलो. त्याला एक यंत्र एकाहत्तर टक्के देतं, आणि तो ते मान्य करतो! मला राग आला तो त्याचा. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःचा डाव तपासताना कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी उघडावा, आणि टक्के तर बघूच नयेत.

कॉम्प्युटर कमी पडतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. १९९७ साली न्यूयॉर्कला डीप ब्लूने कास्पारोवला साडेतीन–अडीच असं हरवलं तेव्हा ते यंत्र कपाटांएवढं होतं. आज स्टॉकफिश फुकट मिळतं, खिशातल्या फोनवर चालतं आणि जगज्जेत्यालाही दाद देत नाही. त्याने सांगितलेली खेळी चूक आहे असं म्हणायची माझी काय टाप! पण तो जे सांगतो ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, ते पाहायला हवं. तो सांगतो, इथून पुढे दोन्ही बाजूंनी सर्वोत्तम खेळ झाला तर कोण किती पुढे. एक म्हणजे साधारण एका प्याद्याएवढं पुढे. आणि टक्के म्हणजे त्याच्या पसंतीच्या खेळ्यांशी तुमच्या खेळ्या किती जुळल्या. बस्स. समोर बदलापूरचा दादा बसलाय, त्याच्या घड्याळात चार मिनिटंसुद्धा उरलेली नाहीत आणि शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी होतेय, हे त्याला माहीतच नाही.

आता आमच्या मॅचचंच बघा. सर्वात जास्त टक्के कुठल्या डावाला मिळाले? सातव्या. दोघांनाही शहाण्णव! त्या दिवशी मला ताप होता, दादा लग्नाहून दमून आला होता. आम्ही वजीर मारले, हत्ती मारले, अठराव्या खेळीला बरोबरी करून झोपायला गेलो. मारामारीच्या खेळ्या असतातच ठरलेल्या. एकाने मोहरा मारला की दुसऱ्याने परत मारायचा, त्यात चुकायला जागा कुठे आहे? शहाण्णव टक्क्यांचा तो डाव मला आज आठवतसुद्धा नाही.

आणि चौथा डाव? मला सहासष्ट, दादाला एकोणसाठ. पूर्ण मॅचमधला हा सगळ्यात जिवंत डाव. मी पांढरा होतो. दादाचा राजा किल्लेकोटात बसलेला, त्याच्या बचावाचा घोडा माझ्या ई ५ च्या प्याद्याने एफ ६ वरून हाकललेला. मी उंटाने एच ७ चं प्यादं मारून शह दिला. उंट फुकट. ही युक्ती फार जुनी आहे, सतराव्या शतकातल्या ग्रेको नावाच्या इटालियन खेळाडूच्या डावांत ती सापडते. राजाने उंट मारला, घोडा जी ५ ला येऊन शह. इथे कॉम्प्युटरने माझ्या उंटाला लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं दिली आहेत. कारण राजा जी ६ ला, म्हणजे पुढे, उघड्यावर काढला आणि नंतरच्या चार-पाच खेळ्या अगदी अचूक केल्या तर काळा वाचतो आणि एक उंट जास्त उरतो.

बरोबर आहे. पण याला घोडचूक म्हणायला मी तयार नाही. पत्राने खेळत असतो, विचार करायला तीन दिवस असते, तर हा उंट मी दिला नसता. पंधरा मिनिटांच्या डावात उंट देणं म्हणजे समोरच्याला एक प्रश्न विचारणं, की तुझ्यात भर बाजारात राजा घेऊन यायची हिंमत आहे का? दादा राजा घेऊन मागे जी ८ ला गेला. माझा वजीर एच ५ ला आला आणि सात-आठ खेळ्यांत डाव संपला. मॅचनंतर आम्ही दोघांनी आपापल्या घरी लाकडी पट मांडून, फोन स्पीकरवर ठेवून ही जागा पाहिली. पाऊण तास गेला. दादा म्हणाला, जी ६ मला दिसलं होतं, पण आप्पा असते तर त्यांनी पट उधळला असता. राजा म्हणजे घरचा कर्ता माणूस, तो भांडणात पुढे जात नाही असं ते शिकवायचे. आता सांगा, या डावाचा खरा उलगडा कुठला? लाल प्रश्नचिन्हं, की दादाचं हे वाक्य? पुढच्या वेळी तो जी ६ खेळेल की नाही, ते या वाक्यावर ठरणार.

नववा डाव तर कॉम्प्युटरला कळलाच नाही असं मी म्हणेन (स्टॉकफिशचे चाहते मला माफ करोत :)). माझ्याकडे हत्ती आणि एक प्यादं, दादाकडे नुसता हत्ती. दादाने आपला हत्ती स्वतःच्या बाजूने तिसऱ्या रांगेत आणून ठेवला आणि तिथेच डावी-उजवीकडे फिरवत राहिला. माझा राजा पुढे सरकू शकेना. शेवटी मी प्यादं पुढे ढकललं, तेव्हा लगेच त्याचा हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मागून शह द्यायला लागला. राजाला लपायला आडोसा नाही, कारण प्यादं पुढे निघून गेलेलं! बरोबरी. पुस्तकांत याला फिलिडॉरचा बचाव म्हणतात, अठराव्या शतकातल्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने. दादाने फिलिडॉरचं नाव ऐकलेलं नाही. त्याला हे गॅलरीत कोणीतरी दाखवलं, आणि ते त्याने चाळीसहून अधिक वर्षं जपलं. कॉम्प्युटरच्या आलेखात या सगळ्या भागात एक सपाट रेघ आहे. ०.००, ०.००, ०.००. तिथे काही घडलंच नाही असं पाहणाऱ्याला वाटेल. आणि हा अर्धा गुण मला मिळाला असता तर मॅच पाच–पाच झाली असती.

टक्क्यांबद्दल आणखी एक. १३ जून २०२१ ला कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद नामवंत मंडळींशी ऑनलाइन खेळला. आमीर खानही होता. त्यात झिरोधावाले निखिल कामत चक्क आनंदविरुद्ध जिंकले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कबूल केलं, की कॉम्प्युटरची आणि जाणकारांची मदत घेतली होती. म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळात टक्के फार चांगले आले तर लोक आधी संशयाने बघतात, आणि कमी आले तर खेळणारा स्वतःकडे संशयाने बघतो. मग हे टक्के नेमके कोणाच्या उपयोगाचे?

ऑनलाइनचं बोलतोय तर पाचव्या डावाचंही सांगून टाकतो. दादा जिंकत होता, बदलापुरात वीज गेली, वायफाय बंद, घड्याळ चालूच. स्क्रीनवर आलं, तुम्ही जिंकलात. आम्ही तो डाव परत खेळलो (तो दादाने पुन्हा जिंकला, ही गोष्ट वेगळी). हिला म्हणालो, आमच्याकडे ३० ऑगस्ट २०२० झालं. त्या दिवशी ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम लढत होती, भारत विरुद्ध रशिया. कप्तान आपल्या नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी ३–३. दुसऱ्या फेरीत इंटरनेटच्या एका मोठ्या बिघाडात निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे संपर्क तुटले आणि दोघं वेळेवर हरले. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. बऱ्याच जणांनी तेव्हा नाकं मुरडली, अर्धं अर्धं सोनं कसलं म्हणून. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता. वायर तुटली म्हणून हरणं हा बुद्धिबळाचा निकाल नव्हे. दिव्या तेव्हा चौदा वर्षांची होती. जुलै २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. असो, विषय भरकटला.

डाव स्वतःचा स्वतः तपासावा हे काही मी शोधून काढलेलं नाही. बोत्विनिक तर सांगायचा की आपल्या डावांचं विश्लेषण लिहून काढा आणि चक्क छापा, म्हणजे चार लोक त्यातलं खोटं दाखवतील. जगज्जेता माणूस, त्याच्या काळी फोनवर उत्तर मिळत नव्हतं. आमच्या गॅलरीत ते छापण्याचं काम बघ्यांकडे होतं. डाव संपला की हरलेला उठायच्या आत तीन-चार हात पटावर यायचे, मोहरे मागे नेले जायचे, "इथे घोडा का नाही काढलास?" त्यात अर्धं चूक असायचं. पण हरलेल्याला आपण काय विचार करत होतो ते मोठ्याने सांगावं लागायचं, आणि ते सांगता सांगताच त्याला पुष्कळ कळायचं. ॲप कधी विचारत नाही, की तुमच्या मनात काय होतं? नातवाचं मला तेवढंच वाईट वाटतं. तो दादापेक्षा चांगला खेळेल, बहुधा वर्षभरातच. पण डाव संपला की त्याचा अंगठा आधी बटणाकडे जातो.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, तू हरलास म्हणून टक्क्यांवर चिडत नाहीस, तुझे जास्त असून चिडतोस, म्हणजे त्यात काहीतरी असेल. थोरल्या भावाकडून याहून मोठी पावती आमच्याकडे मिळत नाही.

मागच्या रविवारी तो आला. दादरला उतरून स्लो पकडली, लष्कराने २०१८ मध्ये बांधून दिलेल्या करी रोडच्या पुलावरून सावकाश चढला-उतरला, नातू बरोबर. मी पट मांडूनच ठेवला होता, फोन हिच्या ताब्यात. आम्ही सहावा डाव काढला. एकतिसाव्या खेळीनंतर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक घोडा आणि चार-चार प्यादी, दादाचं एक प्यादं वाटेत कोणी नसल्यामुळे पुढे सुटलेलं. डाव मी हरलो होतो, पण ते पुष्कळ नंतर. या जागेवर दादा म्हणतो काळा इथूनच जिंकलेला आहे. मी म्हणतो, घोडा ब पट्टीत आणला की बरोबरी. नातू आधी आजोबांच्या बाजूने होता, चहा झाल्यावर माझ्याकडे आला, संध्याकाळी पुन्हा तिकडे. साडेआठच्या गाडीसाठी ते निघाले तेव्हाही ठरलेलं नव्हतं. जागा कागदावर काढून फ्रिजला लावली आहे. कोणाला हवी असेल तर कळवा, फोटो पाठवतो, पण कॉम्प्युटरला विचारून उत्तर धाडू नका. दुसऱ्या मॅचचा पहिला डाव येत्या मंगळवारी, साडेनऊला. काळी मोहरी माझी.